ब्रेकची पिन आणि भिजलेला शर्ट : वैमानिकांना आणि सुरक्षा निरीक्षकांना खुलं पत्र

गोव्याला विमान घेऊन येणाऱ्या वैमानिकांना आणि ती विमानं तपासायला येणाऱ्या सुरक्षा निरीक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

दोघांना मिळून एकच पत्र लिहितोय, ते मुद्दाम. वेगवेगळी पत्रं लिहिली असती तर प्रत्येकाने आपल्या सोयीचं तेवढं वाचलं असतं. मी गोव्याच्या दाबोळी विमानतळाच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर, ३१ वर्षं काढली. विमान देखभाल अभियंता म्हणून. विमान बेवर येऊन थांबलं की त्याच्या पोटाखाली जायचं, वैमानिकाने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहिलेला स्नॅग (बिघाड) बघायचा, दुरुस्त करायचा किंवा नियमात बसत असेल तर पुढे ढकलायचा, आणि विमान उडायला योग्य आहे अशी सही करायची, हे माझं काम. वैमानिकांशी माझं रोजचं बोलणं होतं आणि निरीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरंही मीच द्यायचो. दोघांचा राग मी जवळून पाहिलाय, आणि दोघांबद्दल मला मनापासून आदर आहे.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचा फोन आला. तोही याच कामात आहे. कुठल्या विमानतळावर ते सांगत नाही. "मामा, आज परत तेच झालं," म्हणाला. एरोब्रिजच्या तोंडाशी कॅप्टन आणि निरीक्षक यांची जुंपली होती. प्रवासी मोबाइल वर करून उभे. केबिन क्रूच्या मुली मान खाली घालून बाजूला. मी विचारलं, "पण विमानात होतं काय?" तो म्हणाला, "ते कुणाला विचारायला सुचलंच नाही मामा. सगळे भांडणच बघत होते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण अशाच एका भांडणाच्या वेळी मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, आणि जे बोलायला हवं होतं ते वेळेवर बोललो नव्हतो.

जुलैतली रात्र. दाबोळीला जुलैचा पाऊस समुद्राकडून आडवा येतो, छत्रीचा काही उपयोग नसतो. विमान मुंबईहून उशिरानेच आलं होतं आणि पाऊण तासात परत निघायचं होतं. चाकांना चॉक, म्हणजे अडसराचे ठोकळे, लागले तसं मी हेडसेटवरून कॉकपिटला सांगितलं, "चॉक्स इन, पार्किंग ब्रेक सोडा." उतरल्यावर ब्रेक तापलेले असतात. चॉक लावून ब्रेक सुटे ठेवले की लवकर निवतात. हे रोजचंच.

कॅप्टन पुण्याकडचे, चाळिशीतले. वॉक-अराउंड, म्हणजे विमानाभोवती फिरून करायची बाह्य तपासणी, अनेकदा फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) करतो, पण त्या रात्री पावसामुळे ते स्वतः उतरले. टॉर्च घेऊन पुढच्या चाकापासून सुरुवात केली, इंजिनात डोकावले, पंखाखालून गेले. डाव्या चाकांपाशी चांगले वाकून त्यांनी ब्रेककडे बघितलं. मी दहा फुटांवर होतो. सरळ झाले तेव्हा खांद्यावरच्या पट्ट्यांमधून पाणी ठिबकत होतं आणि पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. मला म्हणाले, "काका, डावीकडची पिन कमी आहे, पण आहे." आणि वर गेले.

दहा मिनिटांनी निरीक्षक आले. अचानक तपासणी होती. माणूस पन्नाशीचा, बोलणं साताऱ्याकडचं. त्यांनी शिस्तीत सुरुवात केली. माझ्या मेकॅनिकला म्हणाले, कॉकपिटला सांगा पार्किंग ब्रेक लावा. ब्रेक लागला. मग ते चाकापाशी बसले, टॉर्च मारली आणि बोट लावून बघितलं. पिन सपाट.

या कामात नसलेल्यांसाठी सांगतो. विमानाचा ब्रेक म्हणजे चाकाच्या आत बसवलेली चकत्यांची चळत. एक चकती चाकाबरोबर फिरणारी, एक जागेवर बसलेली, अशा आलटून पालटून. ब्रेक दाबला की या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात. बाजूला एक बारीक पिन बाहेर आलेली असते. चकत्या झिजतील तशी ती आत जात राहते. पार सपाट झाली की ब्रेक संपला, बदलायचा. पण हे माप ब्रेक लावलेला असतानाच बघायचं असतं. ब्रेक सुटा असेल तर चळत सैल पडते आणि तीच पिन किंचित बाहेर दिसते. कॅप्टनने बघितलं तेव्हा ब्रेक सुटा होता, निरीक्षकांनी बघितलं तेव्हा लागलेला. दोघांनी आपल्या डोळ्यांनी जे बघितलं तेच सांगितलं. आणि मधल्या दहा मिनिटांत काय बदललं, हे त्या रॅम्पवर नेमकं सांगू शकणारा माणूस मी होतो. ब्रेक सोडायला सांगणाराही मीच होतो.

कॅप्टन खाली आले. निरीक्षकांनी पहिलं वाक्य टाकलं, "कॅप्टन, तुम्ही वॉक-अराउंड केलेलंच नाही." पिन सपाट आहे, असं त्यांनी म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. बोट दाखवायचं ते ब्रेककडे, ते त्यांनी माणसाकडे दाखवलं. कॅप्टनच्या शर्टातून पाणी गळत होतं. ते काही क्षण नुसतेच उभे राहिले. मग म्हणाले, "तुम्ही आयुष्यात कधी विमान उडवलंय का?"

निरीक्षकांचा चेहरा उतरला तो मी पाहिला. पुढे कळलं की ऐन उमेदीची वीस वर्षं त्यांनी हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून काढली होती. दुसऱ्याचा जीव आपल्या पान्यावर अवलंबून आहे हे ज्याने वीस वर्षं जपलं, त्याला असं विचारलं गेलं. आणि ज्याने भर पावसात वाकून चाक बघितलं, त्याला तू बघितलंच नाहीस म्हणून सांगितलं गेलं. पुढचा अर्धा तास पिनबद्दल कुणी बोललं नाही. माझ्या विमानाचा निर्णय मी घेणार, असं एकाचं म्हणणं. माझ्या कागदावर काय लिहायचं ते मी ठरवणार, असं दुसऱ्याचं. मध्येच कॅप्टन माझ्याकडे वळले, "काका, तुम्ही सांगा यांना." आणि मी म्हणालो, "साहेब, आधी ब्रेकचं बघूया." मला वाटलं मी भांडण मिटवतोय. खरं म्हणजे साक्ष द्यायची वेळ होती आणि मी ती टाळली.

विमान थांबलं. ते थांबायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती. ब्रेक मुंबईहून पहाटेच्या विमानाने आला, जॅक लावून चाक काढलं, ब्रेक बदलला. प्रवासी लाउंजमध्ये खुर्च्यांवर झोपले. अहवालात मात्र ब्रेकच्या नोंदीखाली आणखी एक ओळ होती : वैमानिकाने बाह्य तपासणी केली नाही. मी माझं म्हणणं तासाभराने निरीक्षकांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "आता कागद गेला. आणि तुम्ही तेव्हा का नाही बोललात?" त्यांचं बरोबर होतं. कॅप्टन तीन आठवडे ऑफ-रोस्टर, म्हणजे उड्डाणांच्या ड्युटी-यादीबाहेर, होते.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुणीच विचारली नाही. मुळात हा ब्रेक दाबोळीपर्यंत आला कसा? आदल्या रात्री विमान त्यांच्या मुख्य तळावर उभं होतं. तिथेच तो मर्यादेच्या जवळ आल्याची नोंद होती. बदलायचं ठरलंही होतं. पण हाताशी असलेला ब्रेक दुसऱ्या विमानाला लागला, आणि हे विमान 'पुढच्या मुक्कामात करू' म्हणून सकाळी सोडलं. दिवसभर ते पावसात ओल्या धावपट्ट्यांवर उतरत राहिलं. हे मला चार दिवसांनी कागद चाळताना सापडलं. सुटे भाग किती ठेवायचे आणि विमान रात्री किती तास उभं ठेवायचं, हे ज्या खोलीत ठरतं तिथपर्यंत त्या रात्रीचा एकही प्रश्न पोचला नाही. तुमचा राग तुमच्या दोघांमध्येच संपला. म्हणून हे पत्र.

दाबोळीची गोष्ट थोडी वेगळी आहे तीही सांगायला हवी. हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. धावपट्टी एकच, नियंत्रण नौदलाचं. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास त्यांच्या सरावाला राखून ठेवलेले. त्यामुळे नागरी विमानं दुपारनंतर आणि रात्री दाटीवाटीने येतात. एकाला उशीर झाला की मागच्याला होतो. प्रत्येक उशिराला एक डिले कोड लागतो, म्हणजे उशीर कुणाच्या खात्यावर टाकायचा त्याचा आकडा. त्या आकड्यावरून रोज वाद. अशा वेळी निरीक्षक दिसला की कॅप्टनला आधी घड्याळ आठवतं. मोपा सुरू झाल्यावर, जानेवारी २०२३ पासून, भार थोडा विभागला. मोपा माझ्या पेडणे तालुक्यातलं. पठारावरून विमानं उतरताना दिसतात तेव्हा अजूनही माझं लक्ष आधी चाकांकडे जातं.

निरीक्षकच नकोत, असं माझ्या वैमानिक मित्रांपैकी कुणी रागाच्या भरात म्हणतं तेव्हा मी त्यांना जानेवारी २०११ ची आठवण देतो. इथेच, दाबोळीला, एका प्रवासी विमानाचं पुढचं चाक आधी टेकलं. मागची चाकं आधी टेकायला हवीत, हे शिकाऊ मुलालाही ठाऊक असतं. त्या लँडिंगची चौकशी झाली आणि वैमानिकाच्या परवान्यामागची गुणपत्रिका बनावट असल्याचं पुढे आलं. मग देशभर परवाने तपासले गेले, आणखी बनावट कागद सापडले, अटका झाल्या. त्यात खुद्द नियामक खात्यातली माणसंही होती. कागद तपासणारा कुणी नसता तर ती सगळी माणसं अजून कॉकपिटमध्ये बसली असती. दारूच्या चाचणीबद्दलही माझं मत हेच आहे. उड्डाणाआधी १२ तास थेंब नाही आणि श्वासाच्या यंत्रावर शून्य म्हणजे शून्य. गोव्यात मुक्काम आहे, हुर्राकाचा मोसम आहे, लग्नाला जायचंय, ही कारणं सांगणाऱ्या वैमानिकाची बाजू मी कधी घेतली नाही आणि घेणार नाही.

तसंच निरीक्षकाने कंपनीशी गोडीगुलाबीने वागावं असंही मला म्हणायचं नाही. अमेरिकेत साउथवेस्ट एअरलाइन्सची ४६ विमानं २००६-०७ च्या सुमारास सांगाड्यातल्या भेगांची सक्तीची तपासणी न करता प्रवासी घेऊन उडत राहिली. तिथल्या नियामक खात्यातल्या ज्या निरीक्षकांनी आवाज उठवला त्यांना त्यांच्याच वरिष्ठांनी दाबलं, कारण वरिष्ठांचं कंपनीशी सूत जमलं होतं. शेवटी २००८ मध्ये त्या निरीक्षकांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यावी लागली. कंपनीला मोठा दंड झाला. कठोर निरीक्षक मला हवाच आहे. पण कठोरपणा ब्रेकच्या बाबतीत हवा. शर्ट भिजलेला असताना तो कोरडा होता असं लिहिणं म्हणजे कठोरपणा नाही.

आता त्या कॅप्टनचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण माझ्या दृष्टीने खरं नुकसान तिथे झालं.

पूर्वी त्यांच्या हातचा टेक लॉग वाचताना मला बरं वाटायचं. बारीकसारीक लिहायचे. 'डावीकडे वळताना पुढच्या चाकात हलकी थरथर, वेग वाढल्यावर थांबते.' 'उजव्या बाजूच्या वायपरचा आवाज कालपेक्षा जास्त.' अशी एक ओळ मिळाली की अभियंत्याचं अर्धं काम होतं. थरथरीची ओळ वाचून मी एकदा चाकाच्या सांध्यातला ढिला बुश काढला होता. तीन आठवड्यांनी ते परत उडायला लागले, दाबोळीला आले. मी लॉग उघडला. 'निल'. म्हणजे लिहिण्यासारखं काही नाही. पुढच्या खेपेला 'निल'. त्या पावसाळ्यात त्यांनी मला दुसरं काही लिहून दिलं नाही. एकदा मी विचारलंच, "कॅप्टन, एवढी जुनी विमानं, काहीच नाही?" ते म्हणाले, "काका, जे लिहायलाच लागतं ते लिहितो. जास्त लिहिलं की कुणीतरी वाचतं."

निरीक्षक साहेबांची गोष्टही तशीच. पूर्वी तपासणी झाली की दहा मिनिटं उभे राहून बोलायचे, अमुक विमानात हे दिसलं होतं, तुम्हीही बघून ठेवा म्हणायचे. त्या रात्रीनंतर आले की फोटो काढायचे, सही घ्यायचे आणि जायचे. वास्कोला बसस्टँडजवळ एकदा भेटले तेव्हा आम्ही भाजी-पाव खायला बसलो. म्हणाले, "मी आलो की सगळे गप्प होतात. मग मी फोटोच काढणार ना." दोन माणसं, दोघांनाही बरंच कळत होतं, आणि दोघांनी ते आपापल्या खिशात ठेवलं.

अशा गप्प बसण्याची किंमत किती होऊ शकते ते जगाने १९७४ साली पाहिलं. १ डिसेंबरला टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळ उतरताना डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. उतरण्याची परवानगी मिळाली म्हणजे खाली यायला हरकत नाही, असा त्यांचा समज झाला होता. नंतर कळलं की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीच्या, युनायटेडच्या, वैमानिकांचा तिथेच तसाच गोंधळ झाला होता. ते थोडक्यात वाचले आणि त्यांनी आपल्या कंपनीत ते कळवलं. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ती गोष्ट पोचली नाही. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिकाने आपल्याच हातून झालेली चूक दहा दिवसांच्या आत लिहून कळवायची. पत्र नियामकाकडे जात नाही, नासाकडे जातं, नाव काढून टाकलं जातं, आणि चूक मुद्दाम केलेली नसेल तर सहसा दंडही माफ होतो. आजवर २० लाखांहून जास्त पत्रं तिथे आली आहेत. दंड देणारा आणि ऐकून घेणारा हे दोघे वेगळे ठेवले, म्हणून माणसं बोलली.

आपल्याकडेही स्वतःहून कळवण्याची सोय डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या नियामक खात्याच्या, नियमांत आहे. पण नियमात असणं वेगळं आणि वैमानिकाचा त्यावर विश्वास बसणं वेगळं.

आपल्या दोन मोठ्या अपघातांचे अहवाल मी निवृत्तीनंतर पुन्हा वाचले. २२ मे २०१० ला मंगळूरला १५८ माणसं गेली. फर्स्ट ऑफिसरने तीनदा 'गो अराउंड', म्हणजे न उतरता परत वर घ्या, असं म्हटलं होतं, हे कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणातून कळलं. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला, अशाच पावसात, २१ जणांचा जीव गेला. कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिकही गेले. साठे नागपूरच्या घरातले, हवाई दलातून आलेले, आपल्याकडे कितीतरी घरांत त्या दिवशी दिवा लावला गेला. अहवालाने त्यांच्या चुका स्पष्ट नोंदवल्या आहेत, मी त्या झाकत नाही. पण त्याच अहवालात हेही आहे की त्यांच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाला त्यांनाच जायचं होतं, कारण त्या तळावर कॅप्टन पुरेसे नव्हते. विमान दुसरीकडे वळवलं तर सकाळचं उड्डाण रखडणार, हा विचार त्या रात्री कॉकपिटमध्ये असावा. सकाळी कुणी उडायचं ते कॉकपिटमध्ये ठरलेलं नव्हतं.

डिसेंबर २०२५ तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम त्या वर्षी टप्प्याटप्प्याने लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची लँडिंग कमी. हे नियम अचानक आलेले नव्हते. तरी देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीकडे वैमानिक पुरेसे नव्हते. हजारो उड्डाणं रद्द झाली, गोव्याच्या दोन्ही विमानतळांवर लोक बॅगांवर डोकं ठेवून झोपले. लग्नं चुकली. मग काय झालं? त्या कंपनीला नियमांतून तात्पुरती सूट मिळाली आणि देखरेखीच्या कामावरच्या चार कंत्राटी निरीक्षकांना घरी पाठवलं गेलं. म्हणजे थकलेला वैमानिक परत ड्युटीवर आणि निरीक्षकाची नोकरी गेली. ती बातमी वाचताना मला त्या रात्रीचे आमचे दोघे आठवले. तुम्ही एकमेकांना ज्या नजरेने बघता त्या नजरेने बघण्यासारखं तुमच्या हातात काही नाही. रोस्टर वैमानिक करत नाही. सुटे भाग निरीक्षक विकत घेत नाही. त्याच वर्षी संसदेच्या समितीने सांगितलं की नियामक खात्यातली जवळपास निम्मी पदं रिकामी आहेत. एका माणसाने दोघांचं काम करायचं, वर वैमानिकाने विचारायचं, तुम्ही कधी विमान उडवलंय का.

पिन टॉर्च मारून दिसते. माणसाचा थकवा दिसत नाही, तो त्याने सांगितला तरच कळतो. ज्या माणसाला परवा रॅम्पवर चारचौघांत खोटं ठरवलं, तो आज तुम्हाला येऊन 'साहेब, मी कालपासून नीट झोपलेलो नाही' असं सांगेल का? निरीक्षक साहेब, हा प्रश्न तुम्ही रात्री घरी गेल्यावर स्वतःला विचारा, एवढंच सांगणं आहे.

मी काय मागतोय ते साध्या भाषेत सांगतो. तपासणीत काही सापडलं तर कागदावर उतरवण्याआधी कॅप्टन, निरीक्षक आणि सही करणारा अभियंता, तिघांनी त्याच जागी उभं राहून एकत्र बघावं. पाऊस असला तरी. ब्रेक असेल तर ब्रेक लावून बघा, सोडून बघा, मध्ये काय काय घडलं ते एकमेकांना विचारा. पाच मिनिटं लागतील. त्या पाच मिनिटांना वेगळा डिले कोड द्या, तो कुणाच्या खात्यावर टाकू नका. अहवालात जे दिसलं, मोजलं तेवढंच लिहा. माणसाने काय केलं असेल याचा अंदाज लिहायचा असेल तर आधी त्याला विचारा आणि त्याचं उत्तर त्याच पानावर त्याच्या शब्दांत येऊ द्या. शेवटी तिघांनी मिळून एक ओळ लिहावी : हा दोष इथवर आला कसा. ती ओळ सही-शिक्क्यानिशी वर, रोस्टर आणि सुटे भाग ठरवणाऱ्यांकडे जावी, आणि तिचं उत्तर मुदतीत यावं. माझ्या मते सगळ्यात जास्त काम ही एक ओळ करेल, आणि आज तीच कुठल्या फॉर्मवर नाही.

वैमानिक मित्रांनो, तुमच्याकडेही मागणं आहे. अमेरिकेच्या नियामकाने २०१५ मध्ये जाहीर धोरण बदललं, की प्रामाणिक चूक असेल आणि माणूस ती सुधारायला तयार असेल तर दंडाऐवजी प्रशिक्षण आणि सल्ला. पण हे धोरण कसं चाललं? वैमानिकांनी बोलायचं ठरवलं म्हणून. तुम्ही लॉगमध्ये 'निल' लिहून निरीक्षकावर सूड उगवत नाही. तो 'निल' पुढच्या वैमानिकाच्या हातात जातो, जो तुमच्याच वयाचा आहे आणि ज्याची मुलं तुमच्या मुलांएवढी आहेत. ती थरथर लिहा. वायपरचा आवाज लिहा. निरीक्षक कॉकपिटमध्ये मागच्या सीटवर येऊन बसला तर त्याला पाणी विचारा, आणि तुमच्याकडून काय निसटतं ते त्याला बघू द्या. तो तिथे त्यासाठीच आहे.

आता मला जे त्या रात्री रॅम्पवर, हेडसेट गळ्यात असताना, सगळ्यांच्या समोर सांगायचं होतं ते लेखी देतो. उशीर फार झालाय. कॅप्टन आता दुसऱ्या देशात उडतात, निरीक्षक साहेब निवृत्त होऊन गावी गेले. पण दोघांपैकी कुणी हे वाचलं तर त्यांनी ते आपल्या कागदांना जोडून ठेवावं.

त्या रात्री चॉक लागल्यानंतर पार्किंग ब्रेक सोडायला मी सांगितलं होतं. कॅप्टनने बाह्य तपासणी पूर्ण केली. डाव्या मुख्य चाकांपाशी ते वाकून बघत होते, ते मी दहा फुटांवरून पाहिलं. पिन कमी आहे हे त्यांनी मला सांगितलं. ब्रेक लावून बघा, असं मी त्यांना म्हणायला हवं होतं, ते मी म्हणालो नाही. नंतर निरीक्षकांनी ब्रेक लावायला सांगून माप घेतलं, ते योग्य रीतीने घेतलं, आणि पिन सपाट होती. विमान थांबवण्याचा त्यांचा निर्णय बरोबर होता. वैमानिकाने तपासणी केली नाही, ही अहवालातली ओळ चूक होती.

आपला,
दाबोळीहून निवृत्त झालेला एक विमान देखभाल अभियंता
पेडणे, गोवा